ताईचं कच्चं बिस्कीट

अमरावतीला आम्ही तिघी मुली ज्या खोलीत राहतो, तिथे गॅस लावायला परवानगी नाही. घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, चहापुरती किटली ठेवा, बाकी काही शिजवायचं नाही. मेसचा डबा येतो, त्यावर भागतं. पण कधीतरी गोड खावंसं वाटतंच, आणि तेव्हा दोघी माझ्याकडे बघतात. कारण ओव्हन नाही, गॅस नाही, तरी मला कुकी डो करता येतं. म्हणजे बिस्किटाचं पीठ, न भाजता तसंच खायचं.

कृती सोपी आहे. एक वाटी भाजलेली कणीक, अर्धी वाटी पिठीसाखर, चार चमचे मऊ लोणी, चिमूटभर मीठ आणि गोळा होईल इतकंच उकळून गार केलेलं दूध. हाताने मळायचं, चॉकलेटचे बारीक तुकडे टाकायचे, लिंबाएवढे गोळे वळायचे आणि मालकीणबाईंच्या फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवायचे. कणीक मी अकोल्याहून घरून भाजून आणते. बरणी भरून. ती बरणी मी दुसऱ्या कोणाला उघडू देत नाही.

त्या दोघींपैकी एक चांदूर बाजारची आहे. तिने एकदा तिसरा गोळा तोंडात टाकता टाकता विचारलं, "तू सोता काऊन नाई खात वं? आमाले विष तं नाई ना देऊन राहिली?"

दुसरी इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले. म्हणाले, "मले गोड आवडत नाई."

हे खोटं होतं. खरं काय आहे ते मी दोन वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं. या उन्हाळ्यात आईला सांगितलं. मला लिहिण्याची सवय नाही, त्यामुळे नीट उतरेल की नाही माहीत नाही. पण गोष्ट एवढीच आहे, की माझी ताई माझ्या हातच्या गोळ्यांनी गेली का, हे मला कळत नाही.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. बारावीनंतर ती थांबली आणि अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेतल्या एका कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला लागली. शर्टांना कॉलर लावायचं काम. दिवसभर कॉलरच. ती म्हणायची, "मले आता माणसाचं तोंड दिसतच नाई, गळाच दिसते." आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. माझ्या प्रवेशाच्या दिवशी तिने सुट्टी टाकली, माझ्याबरोबर रांगेत उभी राहिली आणि फॉर्मवरचा प्रत्येक रकाना माझ्याआधी वाचला. विषय म्हणून मी सूक्ष्मजीवशास्त्र लिहिलं तेव्हा विचारलं, "हे काय असते?" मी म्हटलं, डोळ्याला न दिसणारे जंतू. ती म्हणाली, "घ्या. दिसणारे कमी होते का?"

मी पहिल्या वर्षाला असतानाच ती आजारी पडली. आधी हातावर निळे डाग, मग हिरड्यांतून रक्त. रक्ताचाच आजार निघाला. औषधं अशी होती की त्यांनी शरीरातली लढायची ताकदही जात होती. दोन उपचारांच्या मधल्या दिवसांत ती अकोल्याला घरी असायची. डॉक्टरांनी आईला बजावलं होतं, बाहेरचं नाही आणि कच्चं काही नाही. काकडी नाही, कोथिंबीर नाही, कापून ठेवलेलं फळ नाही. आई पाणीसुद्धा उकळून, झाकून, वर वजन ठेवून ठेवायची. बाबा दालमिलमधून आले की आधी अंघोळ करायचे आणि मग दारातूनच तिला हाक मारायचे.

ताई कूलरसमोर खाटेवर पडून मोबाईल बघायची. तोंडाला चव नव्हती, जेवण जात नव्हतं, पण खाण्याचे व्हिडिओ मात्र तासन्‌तास. त्यात तिला हे कुकी डो सापडलं. कुठल्यातरी परक्या स्वयंपाकघरात एक बाई भांड्यातून चमच्याने कच्चं पीठ काढून खात होती.

"पाह्य वं, पाह्य. भाजायच्या आधीच खाऊन राहिली. हिची सासू नसन घरी."

"ताई, त्यात कच्चं अंडं असते, कच्चा मैदा असते."

"मी कुठं म्हणलं मले दे म्हणून? मी फक्त पाहून राहिली."

पण ती तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायची. आवाज बंद करून. चमचा पिठात गेला की तिचे ओठ जरासे हलायचे. ते मी पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

मी विचार केला. खूप विचार केला, आणि तो मला तेव्हा फार हुशारीचा वाटला. आमच्याकडे उन्हाळ्यात सातू असतो. गहू आणि हरभऱ्याची डाळ आधी खमंग भाजून घेतात आणि मग गिरणीतून दळून आणतात. त्यात गूळ-पाणी कालवलं की झालं, चूल लागत नाही. म्हणजे सातूचं पीठ कच्चं नसतंच. मैद्याऐवजी सातू घ्यायचा, अंडं घालायचंच नाही, लोण्याऐवजी घरी कढवलेलं तूप, दूध उकळलेलं. यात कच्चं काय उरलं? काहीच नाही. ताईला मी हे एखाद्या प्रमेयासारखं समजावून सांगितलं. ती उठून बसली. बऱ्याच दिवसांनी स्वतःहून उठून बसली.

"कॉलेजात हेच शिकवते का तुले? कच्चं बिस्कीट करायले?"

"कच्चं नाई म्हटलं ना."

"बरं मॅडम. करा मंग."

दोन पेपरांच्या मध्ये सुट्टी होती म्हणून मी घरी आले होते. आई दवाखान्यात रिपोर्ट आणायला गेली होती. मी फळीवरचा सातूचा उंच डबा काढला, झाकण उघडलं आणि वाटी भरली.

इथे मला थांबायला हवं होतं. सातूचा डबा उघडला की भाजल्याचा वास अंगावर येतो. तो आला नाही. पीठही जरा पांढरट दिसलं. हे मला दिसलं होतं. नंतर मी स्वतःला कितीदा सांगून पाहिलं की दिसलं नव्हतं, पण दिसलं होतं. मला वाटलं, डबा बरेच दिवस बंद असेल, वास उडाला असेल. चिमूटभर जिभेवर ठेवलं असतं तरी कळलं असतं. पण आतून ताई हाका मारत होती, "झालं का वं? का दळायलेच गेली?" आणि तिच्या आवाजात इतकी हौस होती की मी भराभर तूप ओतलं, पिठीसाखर घातली, वेलची घातली. वेलचीचा वास सुटला आणि पिठाला वास नाही हे मी विसरले.

तिने पहिला गोळा खाल्ला आणि डोळे मिटले. मग दुसरा. म्हणाली, "बाकीचे ठेव. हळूहळू खाईन." मी वाटी झाकून तिच्या उशाशी ठेवली आणि संध्याकाळच्या गाडीने अमरावतीला निघाले.

तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला, ताप आहे. दवाखान्यात नेलं. मी पेपर देऊन परत आले तेव्हा ती बोलत होती, पण अर्धवट. नवव्या दिवशी ती गेली. डॉक्टर बाबांना म्हणाले, इन्फेक्शन होतं, शरीरात लढायला काही उरलं नव्हतं. कशामुळे झालं, हे कोणी विचारलं नाही. असं विचारायचं असतं हेच आमच्याकडे कोणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी विचारलं नाही.

घर माणसांनी भरलं होतं. मावशी पोळ्यांसाठी पीठ शोधत होती. आई भिंतीला टेकून बसली होती, तिथूनच म्हणाली, "त्या उंच डब्यात घे. कणीक हाये. सातू तं कवाच सरला."

मी दारात उभी होते. हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी खाली ठेवला एवढं आठवतं, पुढचं फारसं आठवत नाही.

आमचं घर बौद्ध. बाबा भूत, आत्मा, पिंड यातलं काही मानत नाहीत आणि आम्हालाही मानू दिलं नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी ते सगळ्यांसमोर बोलले, "माणूस गेल्यावर मागं काही भटकत नाई. त्यानं केलेलं तेवढं राहते." ते ताईबद्दल बोलत होते, तिच्या कष्टांबद्दल. मी मागच्या सतरंजीवर बसले होते आणि मला वाटलं ते माझ्याबद्दल बोलताहेत. भूत असतं तर एक वेळ परवडलं असतं. त्याला विचारता आलं असतं.

ताईचा मोबाईल माझ्याकडे आला, कारण माझा जुना झाला होता. आम्ही फोटो, मेसेज सगळं ठेवलं. पण मला एक गोष्ट सुचली नव्हती. व्हिडिओ उघडले की तो ताईला आवडणारेच दाखवायचा. ती गेल्याचं त्याला कोण सांगणार? मी अभ्यासाचं काही शोधायला जायची आणि वर तीच बाई, तेच भांडं, तोच चमचा. कधी दुसरी बाई, दुसरं भांडं. 'तुमच्यासाठी' असं लिहिलेलं असायचं. मी ते पुसून टाकू शकत होते, कसं पुसायचं तेही मला माहीत होतं. पुसलं नाही. मेसमध्ये, ऑटोत, लायब्ररीच्या पायरीवर, कुठेही मोबाईल उघडला की ताई मला काहीतरी खायला मागत होती.

दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकाला मॅडमनी घरातला एकेक खाण्याचा नमुना आणायला सांगितला. कोणी दूध आणलं, कोणी चटणी. मी दोन पुड्या नेल्या, एकीत गिरणीतली कणीक, दुसरीत सातू. जंतू वाढवायच्या काचेच्या बश्यांत थोडं थोडं पीठ टाकून ठेवलं आणि दोन दिवसांनी बश्या उघडल्या. सातूच्या बशीत जवळजवळ काही नव्हतं. कणकेच्या बशीत पांढरे, पिवळसर ठिपके होते, तांदळाच्या कणीएवढे, काही त्याहून मोठे. शेजारची मुलगी म्हणाली, "अय्या, किती छान आले तुझे."

मी मॅडमना विचारलं, हे माणसाला आजारी पाडतात का. त्या म्हणाल्या, यातले बहुतेक निरुपद्रवी असतात, पीठ कच्चं खाऊ नये हे खरं, पण चांगल्या माणसाला सहसा काही होत नाही. मग त्यांनी विचारलं, "का गं?"

"सहज," मी म्हटलं.

चांगल्या माणसाला. वहीत मी निरीक्षण लिहिलं, आकृती काढली, शिक्का घेतला. त्या दिवसापासून मी कणीक भाजायला लागले, आणि मैत्रिणींसाठी गोळे करायलाही. का करते ते मला सांगता येत नाही. कदाचित एकदा तरी ते बरोबर करून कोणाला तरी खाऊ घालायचं होतं. शंभरदा केलं तरी ते 'एकदा' काही होत नाही.

या उन्हाळ्यात ताईला जाऊन दोन वर्षं झाली. आदल्या दिवशी मी घरी गेले. विहारात वंदना झाल्यावर दरवेळी खीर वाटतात. आई या वेळी म्हणाली, "खीर नोको. तू ताईसाठी केले होते ना थे गोळे, थेच कर. वस्तीतले पोरं खातीन. तिले लय आवडले होते."

मी म्हटलं, "आई, ते नको."

"काऊन?"

"उन्हात टिकणार नाईत."

"सकाळी करू, सकाळीच वाटू. मी पीठ आत्ताच भाजून ठेवते, तू सकाळी साखर घाल." आणि तिने कढई ठेवलीसुद्धा. परातीतली कणीक चाळून घेतली आणि कढईत ओतली. मी ओट्याशी उभी राहून बघत होते. आमच्या आईला बसून बोलायची सवय नाही, तिच्याशी काही बोलायचं असेल तर ती काम करत असतानाच बोलावं लागतं. वीसेक मुलं येणार होती. काही तर अगदी लहान. ती मुलं हे खाणार, आणि मी तिथे हात जोडून ताईच्या फोटोसमोर बसणार, हे मला दिसायला लागलं आणि मी बोलून टाकलं.

सगळं सांगितलं. सातू समजून कणीक घेतली. वास नव्हता ते कळलं होतं. मग तिसऱ्या दिवशी ताप. आणि कॉलेजातल्या बशीतले ठिपके. मला वाटलं होतं सांगताना रडू येईल, पण मी तोंडी परीक्षेत उत्तर द्यावं तसं सांगत गेले.

आईचा हात थांबला नाही. कणीक हलवत राहिली. कडेचं पीठ मध्ये ओढत म्हणाली, "त्या डब्यात कणीक मीच भरली होती. तुले सांगतलं नाई."

"तुझी काय चूक त्यात?"

"आन् मी बी खाल्ले. तू गाडीत बसल्यावर तिनं दोन मले चारले. खाय म्हणे, नाई तं तुले वाईट वाटन. मले काई झालं नाई."

चांगल्या माणसाला सहसा काही होत नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

मग आईने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दुसऱ्या दिवशी मी तिले कैरी देल्ली."

मला आधी कळलंच नाही.

"कैरी. मीठ-तिखट लावून. कच्ची. डॉक्टरनं नाई म्हणलं होतं. ती म्हणे आई, एवढं गोड झालं आता तोंड आंबट कर. मी धुतली चांगली. पण देल्ली. तुया बाबाले मी आजवर सांगतलं नाई." तिने कणीक खालवर केली. "दोन वर्षं झाली, मी कैरीले हात लावला नाई. तुया ध्यानात आलं का?"

आलं नव्हतं. दोन उन्हाळे घरात लोणचं घातलं गेलं नाही आणि मी त्याचा विचारही केला नव्हता. मला वाटायचं, या घरात फक्त मलाच ताई दिसते.

"तू शिकली हायेस," आई म्हणाली. "सांग मले. कशानं झालं?"

हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला होता, पण तो कोणी मला असा विचारेल असं वाटलं नव्हतं. आई खरंच उत्तरासाठी थांबली होती, डॉक्टरांसमोर थांबते तशी. आणि मला दिसलं की मी काहीही बोलले तरी कोणावर तरी पडणार. कैरी सोडली तर पीठ उरतं. पीठ सोडलं तर कैरी. मी ठरवलं.

"कैरीनं नाई होत आई. तू धुतली होती."

आई हसली. दुखऱ्या माणसासारखी. "म्हंजे पिठानं झालं म्हणतं. तू आपल्या अंगावर घेऊन राहिली."

"असू शकते."

"पक्कं माहीत हाये?"

"नाई."

"कोणाले माहीत असन? त्या डॉक्टरले?"

"आता कोणालेच नाई. ती एवढी अशक्त होती की हवेनंही झालं असेल. हातानं, पाण्यानं, कशानंही. आता शोधता येत नाई."

"मंग तसं सांग ना. माहीत नाई म्हण. मले बरं वाटावं म्हणून अर्धं खोटं नोको सांगू. तेवढ्यासाठी तुले नाई धाडलं तिनं कॉलेजात."

ते 'तिनं' आईने इतकं सहज म्हटलं, जणू ताई बाहेर खाटेवरच होती. मग मी म्हटलं, "मले माहीत नाई, आई."

"हां," ती म्हणाली. "मले बी माहीत नाई."

कणकेचा रंग तोवर बदामी झाला होता, खमंग वास सुटला होता. मी म्हटलं, अजून भाज. ती म्हणाली, झालं. मी पुन्हा म्हटलं, अजून थोडं. तिने वाद घातला नाही. आम्ही ती इतकी भाजली की शेवटी जराशी कडवट झाली, साखर वाढवावी लागली. सकाळी दूध दोनदा उकळलं. साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन दोघींनी समोरासमोर बसून गोळे वळले. बाबांनी आत डोकावून विचारलं, "काय चाललं माय-लेकीचं?" आई म्हणाली, "पोराईचा खाऊ." कैरीचं तिने त्यांना त्या दिवशीही सांगितलं नाही, आणि मी सांगणार नाही.

विहारात मुलांनी पटापट खाल्ले. एका चिमुकलीने चॉकलेटचे तुकडे आधी वेचून खाल्ले आणि पीठ माझ्या हातात परत दिलं. बाकी सगळ्यांनी पुन्हा मागितले. मी प्रत्येकाचं तोंड बघत होते. आई दाराशी उभी होती, तीही तेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी पेपर होता म्हणून संध्याकाळी मी अमरावतीला परतले. पेपर गेला. मग तिसरा दिवस उजाडला, आणि ताईलाही ताप तिसऱ्याच दिवशी आला होता. त्या दिवशी दुपारी मी मोबाईल हातात घेऊन बसले होते, पण आईला फोन करून काय विचारायचं ते सुचत नव्हतं. मैत्रीण म्हणाली, "कोणाच्या फोनची वाट पाहून राहिली?" मी मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला.

तेवढ्यात आईचाच आला. जेवली का, विचारलं नाही. पेपर कसा गेला, तेही नाही.

"सगळे पोरं खेळून राहिले," ती म्हणाली. "मी आत्ताच पाहून आली. घरोघरी जाऊन."

"ती लहानी?"

"थे बी."

मी फोन कानाशी घट्ट धरला. मागून खरंच मुलांचा आरडाओरडा येत होता. आईने फोन बाहेर धरला असावा.